तेलात विरघळणाऱ्या घटकांसाठी पॉलिमर नॅनोकॅप्सूल: पहिली बॅच कशी करायची

बेलापूर-नेरूळच्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.चा प्रोजेक्ट असो, नाहीतर रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कॉस्मेटिक कंपनीच्या आर अँड डीतलं पहिलं वर्ष, ‘याची नॅनोकॅप्सूल करून बघा’ असं काम हमखास समोर येतं. करायला ते अवघड नाही. एक साधी बॅच सकाळी सुरू केली तर दुपारपर्यंत हातात येते. अवघड आहे ते पुढचं: जो घटक आत गेला असं आपण म्हणतो, तो खरंच आत आहे का, हे दाखवणं. म्हणून या लेखात ओतण्या-ढवळण्याइतकीच जागा आधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांना दिली आहे.

नॅनोकॅप्सूल म्हणजे तेलाचा सूक्ष्म थेंब आणि त्याभोवती पॉलिमरचं पातळ कवच. आकार साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर. कवच नसेल तर ते नॅनोइमल्शन. तेलच नसेल आणि पॉलिमरचा भरीव गोळा असेल तर ते नॅनोस्फिअर. तिन्ही बाटलीत सारखीच दुधाळ दिसतात आणि आकार मोजणाऱ्या यंत्रालाही तिन्हींत फरक कळत नाही.

इथे दिलेली पद्धत नॅनोप्रेसिपिटेशनची. १९८९ साली फ्रान्समध्ये हतेम फेसी आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. पॉलिमर, तेल आणि घटक असिटोनमध्ये विरघळवायचे आणि ते द्रावण पाण्यात ओतायचं. असिटोन पाण्यात क्षणार्धात मिसळून जातं, तेल बारीक थेंबांत सुटतं आणि उघडं पडलेलं पॉलिमर त्या थेंबांच्या पृष्ठभागावर बसतं. आकार ठरतो तो असिटोनच्या पसरण्यावरून, ढवळण्याच्या जोरावर नव्हे. त्यामुळे होमोजिनायझर लागत नाही. प्रोब सोनिकेटर लावायचा मोह तर आवराच. त्याच्या टोकातून टायटॅनियमचे कण झडतात आणि द्रावण तापतं ते वेगळंच.

आधी तेल तपासा

तेलाला तीन अटी. ते असिटोनमध्ये पूर्ण मिसळलं पाहिजे, तुमचा घटक त्यात भरपूर विरघळला पाहिजे आणि त्याने पॉलिमरला विरघळवता किंवा फुगवता कामा नये. पहिली अट बहुतेक तेलं पाळतात. दुसरी आणि तिसरी कोणी तपासत नाही, आणि प्रोजेक्ट तिथेच फसतात.

तिसऱ्या अटीसाठी सोपी चाचणी आहे. पॉलिमर असिटोनमध्ये विरघळवून काचेच्या पेट्री डिशमध्ये फिल्म पाडा, वाळवा, तुकडे कापून वजन करा आणि ३७ अंशांवर तेलात बुडवून ठेवा. आठवड्याने तुकडा काढून टिपकागदाने टिपा आणि पुन्हा वजन करा. वजन वाढत चाललं असेल तर तेल पॉलिमरमध्ये शिरतंय. तसं कवच आज दिसलं तरी महिन्याभराने भरवशाचं राहणार नाही.

दुसऱ्या अटीसाठी एक ग्रॅम तेलात घटक जास्तीचा घाला, ४८ तास शेकरवर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या स्वच्छ तेलातलं प्रमाण मोजा. समजा, उत्तर आलं ग्रॅममागे ५ मिग्रॅ. एका बॅचमध्ये १६० मिग्रॅ तेल जातं. म्हणजे त्यात मावणार ०.८ मिग्रॅ. तुम्ही १० मिग्रॅ घातलंत तर उरलेले नऊ-सव्वानऊ मिग्रॅ कुठे जाणार? थोडं पॉलिमरमध्ये, थोडं सरफॅक्टंटच्या (तेल-पाणी जुळवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाच्या) मायसेलमध्ये, म्हणजे सूक्ष्म पुंजक्यांत, आणि बाकीचं स्फटिक होऊन तळाला. हळदीतल्या कर्क्युमिनचं नेमकं हेच होतं. तेलात विरघळतो म्हणून सगळे तो निवडतात, पण नेहमीच्या तेलांत तो ग्रॅममागे जेमतेम काही मिलिग्रॅमच विरघळतो.

म्हणून पहिल्या बॅचला टोकोफेरिल ॲसिटेट, म्हणजे व्हिटॅमिन ई ॲसिटेट घ्या. ते स्वतःच तेल आहे, दुसऱ्या तेलात हव्या त्या प्रमाणात मिसळतं, उडून जात नाही आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८४ नॅनोमीटरला मोजता येतं. वाशीच्या मसाला मार्केटच्या कृपेने लवंग तेल, दालचिनी तेल सहज मिळतं, पण सुवासिक तेलांपासून सुरुवात करू नका. व्हॅक्यूमखाली पाणी उडवताना ती वाफेबरोबर निघून जातात, आणि शेवटी कवच गळकं होतं की घटकच उडाला, याचा पत्ता लागत नाही.

सोबतीला तेल एमसीटी, म्हणजे कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड. बाजारात ते फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल म्हणूनही मिळतं. घरचं खोबरेल चालणार नाही, कारण एसी लावलेल्या लॅबमध्ये ते गोठतं.

सामान

पॉलिमर म्हणून पॉलिकॅप्रोलॅक्टोन घ्या, लॅबच्या भाषेत पीसीएल. ते पीएलजीए या दुसऱ्या नेहमीच्या पॉलिमरपेक्षा स्वस्त आहे आणि पाण्यात फार हळू तुटतं. रेणूभार १४ हजारांचं असेल तर सोपं जातं. ८० हजारांचं दाणेदार पीसीएल विरघळायला वेळ घेतं, द्रावण दाट होतं आणि कणही मोठे येतात. पीसीएल सुमारे ६० अंशांना वितळतं, त्यामुळे कुठल्याही पायरीला ४५ अंशांच्या वर जायचं नाही.

शेवटी १० मिली सस्पेन्शन मिळेल अशी मापं:

असिटोनचा भाग: पीसीएल १०० मिग्रॅ, एमसीटी तेल ८० मिग्रॅ, टोकोफेरिल ॲसिटेट ८० मिग्रॅ, स्पॅन ६० म्हणजे सॉर्बिटन मोनोस्टिअरेट ४० मिग्रॅ, असिटोन २७ मिली.

पाण्याचा भाग: ट्वीन ८० म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०, ८० मिग्रॅ, शुद्ध पाणी ५३ मिली.

ट्वीन मधाइतकं दाट असतं. मायक्रोपिपेटने ८० मिग्रॅ उचलायला गेलात तर निम्मं टिपच्या आतच चिकटून राहतं. त्यापेक्षा १ ग्रॅम ट्वीन १०० मिली पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं स्टॉक करा. त्यातलं ८ मिली आणि ४५ मिली पाणी, झाले ५३. हे स्टॉक फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा, मग ओतून द्या. त्यात बुरशी-जंतू वाढतात. तेलही पिपेटने नको, काट्यावर थेट बीकरमध्ये थेंबाथेंबाने वजन करा. काटा एसीच्या झोताखाली असेल तर चौथा आकडा स्थिर होत नाही, त्याची जागा आधी बदला.

आणखी एक, पावसाळ्यातलं. जूनपासून आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की उघडी ठेवलेली असिटोनची बाटली पाणी ओढत राहते, आणि असिटोनमध्ये पाणी शिरलं की पीसीएल नीट विरघळत नाही. त्या चार महिन्यांत अडीच लिटरऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटल्या घ्या. पीसीएल आणि स्पॅनचे डबे डेसिकेटरमध्ये ठेवा.

ओतणं

पहिली बॅच ब्लँक करा: व्हिटॅमिन ई न घालता, एमसीटी पूर्ण १६० मिग्रॅ. ब्लँक जमत नसेल तर घटक घालून ती जमणार नाही. शिवाय पुढे यूव्हीसाठी ही ब्लँक लागतेच.

सगळं काम फ्यूम हूडखाली. असिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, उणे २० अंशांच्या आसपास आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून घरंगळत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. उघडी कॉइल असलेली हॉटप्लेट वापरू नका, वॉटर बाथ वापरा. नायट्राइलचे हातमोजे असिटोनपुढे फार टिकत नाहीत, शिंतोडा उडाला की लगेच बदला.

पीसीएल, तेल, स्पॅन आणि असिटोन झाकण असलेल्या काचेच्या बाटलीत घेऊन ४० अंशांच्या बाथवर मंद ढवळत ठेवा. द्रावण उजेडासमोर धरल्यावर पूर्ण पारदर्शक दिसायला हवं. पीसीएलचे दाणे आधी फुगून काचेसारखे पारदर्शक होतात आणि विरघळल्यासारखे भासतात. बाटली तिरकी करून तळ बघा, जेलीसारखे ठिपके घसरताना दिसले तर अजून वेळ द्या. इथली घाई पुढे गुठळ्यांच्या रूपाने परत येते. झाकण सैल राहून असिटोन उडालं असेल तर वजन करून तेवढं पुन्हा घाला.

पाण्याचा भाग २५० मिलीच्या बीकरमध्ये, मॅग्नेटिक स्टिररवर. वेग असा ठेवा की मध्ये उथळ भोवरा दिसेल पण हवा आत ओढली जाणार नाही, बहुतेक स्टिररवर ५०० आरपीएमच्या आसपास. आता असिटोनचं द्रावण कोमट असतानाच काचेच्या सिरिंजने किंवा ड्रॉपिंग फनेलने बारीक, अखंड धारेत मिनिट-दीड मिनिटात सोडा. धार भोवऱ्याच्या कडेला पडू द्या, बीकरच्या भिंतीवर नको. भिंतीवरून ओघळलं तर पॉलिमर तिथेच पांढऱ्या पट्ट्यासारखं चिकटतं. प्लॅस्टिकची डिस्पोजेबल सिरिंज टाळा. तिच्या रबरी दट्ट्यावरचं सिलिकॉन तेल असिटोनबरोबर येतं आणि आकाराच्या आलेखात न बोलावलेलं टोक उभं करतं.

धार पडताक्षणी पाणी दुधाळ होतं. दहा मिनिटं ढवळू द्या आणि बीकर काळ्या कागदासमोर धरून बघा. कडेला निळसर झाक हवी. खडूच्या पाण्यासारखा मठ्ठ पांढरा रंग असेल तर कण मोठे झालेत. वर तेलाचा तवंग दिसला तर तेल कवचात मावलेलं नाही.

असिटोन काढणं

हे करायला रोटाव्हॅप हवा, म्हणजे व्हॅक्यूमखाली फ्लास्क फिरवत सॉल्व्हंट उडवणारं यंत्र. ८० मिलीसाठी ५०० मिलीचा फ्लास्क घ्या. मोठा वाटेल, पण ट्वीनमुळे फेस येतो आणि लहान फ्लास्कमध्ये तो थेट कंडेन्सरपर्यंत चढतो. रिकाम्या फ्लास्कचं वजन आधी लिहून ठेवा.

बाथ ४० अंश. व्हॅक्यूम ४०० मिलिबारपासून सुरू करा, त्या दाबाला असिटोन साधारण ३१ अंशांना उकळतं. मग फेसावर नजर ठेवून हळूहळू खाली या. फेस चढू लागला की क्षणभर हवा सोडायची, तो बसतो. असिटोन संपलं की ६० मिलिबारच्या जवळ पाणी उडायला लागतं. एकूण तास-दीड तास धरा. दहा मिलीच्या थोडं खाली आल्यावर थांबा, वजन करा आणि शेवटी पाणी घालून १०.० ग्रॅमवर आणा. फ्लास्कवरच्या खुणेवर विसंबू नका.

इकडच्या लॅबची नेहमीची अडचण म्हणजे कंडेन्सर. मे महिन्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या घरात असतं आणि त्यावर ३१ अंशांना उकळणारं असिटोन थंड होत नाही. ते पंपातून थेट हवेत जातं, पंपाचे डायफ्रॅम खराब करतं आणि रिसीव्हर कोरडा राहतो. चिलर नसेल तर बर्फ घातलेल्या टबात कूलरचा छोटा पंप सोडून पाणी फिरवत ठेवा. तेच पाणी फिरत राहतं, म्हणून एमआयडीसीच्या पाण्याचा शटडाऊन असला तरी काम अडत नाही. मधेच वीज गेली तर आधी व्हॅक्यूम सोडा आणि फ्लास्क बाथमधून वर घ्या.

रोटाव्हॅप नसेल तर हूडखाली उघड्या बीकरमध्ये रात्रभर ढवळत ठेवता येतं. असिटोनचा बराचसा भाग जातो, पाणी मात्र पन्नास मिलीच्या आसपासच राहतं आणि पृष्ठभागावर पॉलिमरची साय धरते. शिकण्यापुरतं ठीक. वास येत नाही म्हणजे असिटोन गेलं, असं मानू नका. औषधांसाठी आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्गवारीत असिटोन तिसऱ्या वर्गात आहे आणि साधारण मर्यादा ५००० पीपीएम आहे. ती मोजायची तर हेडस्पेस जीसीवरच, म्हणजे नमुन्यावरची वाफ तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर.

आकार मोजणं

डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रावर, २० मायक्रोलिटर सस्पेन्शन १० मिली पाण्यात मिसळून मोजा. पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं हवं. नमुना गाळायचा नाही. गाळलात तर मोठे कण अडकतात आणि आकडा खोटाच सुंदर येतो. आकार २०० नॅनोमीटरच्या आसपास आणि पीडीआय, म्हणजे आकारांतली तफावत सांगणारा आकडा, ०.२ च्या खाली आला तर बॅच चांगली. असिटोन काढण्याआधी पॉलिस्टायरीनच्या क्युव्हेटमध्ये मोजू नका. असिटोन त्या प्लॅस्टिकवर चढतं आणि क्युव्हेट धुरकट होते.

डीएलएसमध्ये प्रकाशाचं विखुरणं व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढतं. धुळीचा एक कण हजारो कॅप्सूलना झाकून टाकतो. उलट, तळाला बसलेले स्फटिक त्याला दिसतच नाहीत. म्हणून साध्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघितल्याशिवाय डीएलएसचा आकडा वहीत लिहू नये. सुया दिसल्या, तर घटक बाहेर आहे. बात खतम.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचा अंदाज, मोजताना १० मिलिमोलर मिठाच्या गाळलेल्या द्रावणात विरळ करा. ट्वीन-स्पॅनच्या या कॅप्सूलवर ते उणे दहा-पंधरा मिलिव्होल्टच्या आसपास आलं तरी घाबरू नका, इथे स्थैर्य ट्वीनच्या आवरणामुळे येतं. उणे ३० आलंच पाहिजे हा नियम इथे लागू नाही. लेसिथिन वापरलं तर आकडा आणखी उणे जातो.

आत किती गेलं

एकूण प्रमाणासाठी ०.१ मिली सस्पेन्शन इथेनॉलने १० मिली करा, बाथ सोनिकेटरमध्ये १५ मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव घ्या. पीसीएल इथेनॉलमध्ये विरघळत नाही, ते खाली बसतं. हिशेबाने मिलीमागे ८० मायक्रोग्रॅम यायला हवेत आणि २८४ नॅनोमीटरला ॲबसॉर्बन्स ०.३४ च्या जवळपास. ब्लँक म्हणून ब्लँक कॅप्सूलचाच असा काढलेला अर्क ठेवा, नुसतं इथेनॉल नको. ॲब्सोल्युट अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. लॅबकडे तो नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, फक्त कॅलिब्रेशनची रेषा त्यातच काढा.

आकडा कमी आला तर आधी रिकामा फ्लास्क, बीकर आणि स्टिररची बार असिटोनने धुवून ते धुवण मोजा. हरवलेला माल बहुधा बारवर पांढऱ्या थराच्या रूपात सापडतो.

मोकळा घटक मोजायला सगळे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेल्या, ट्यूब वापरतात: सेंट्रिफ्यूज करायचं, खाली आलेलं पाणी मोजायचं आणि त्यावरून ‘एन्कॅप्सुलेशन ९९ टक्के’ लिहायचं. या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. तेलात विरघळणारा घटक पाण्यात तसाही जवळपास जात नाही. तो ट्वीनच्या मायसेलमध्ये असेल तरी ३० हजार डाल्टनच्या पडद्यात मायसेलही अडकतात. सूक्ष्म स्फटिक अडकतात. तो पडद्याला चिकटूनही राहतो. या सगळ्या शक्यतांत खालचं पाणी स्वच्छच येणार आणि उत्तर ९९ टक्केच निघणार.

यावर उपाय म्हणजे सोबत आणखी दोन बॅच करणं. एकीत पॉलिमर नाही, म्हणजे नॅनोइमल्शन. दुसरीत दोन्ही तेलं नाहीत, म्हणजे नॅनोस्फिअर. इमल्शन त्याच ट्यूबमधून काढा. तेही ९९ टक्के दाखवेल आणि त्या आकड्याने कवचाबद्दल काहीच सिद्ध होत नाही हे गाइडलाही पटेल. मग तिन्ही नमुने शेजारी ठेवून फरक शोधा. उजेडाने खराब होणारा घटक असेल तर तिन्ही एकाच दिव्याखाली ठेवून किती उरतो ते मोजा. सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने, अर्धा तास फिरवून काय वर येतं, काय खाली बसतं ते बघा. पडदा वापरायचाच असेल तर आधी ज्ञात प्रमाणाचं द्रावण त्यातून काढून किती चिकटतं ते तपासा. टीईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, फोटो हवा असेल तर पवईला आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्राकडे नमुना देता येतो. व्हॅक्यूममध्ये कॅप्सूल चपट्या होतात, तेव्हा फोटोतला व्यास डीएलएसशी तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका.

बिघडतं ते का

पीसीएलची घनता सुमारे १.१५ आणि एमसीटी तेलाची ०.९५. वरच्या मापांनी हिशेब केला तर कॅप्सूलची सरासरी १.०२ च्या आसपास येते, पाण्याच्या अगदी जवळ. म्हणून नीट जमलेली बॅच महिनोन् महिने ना वर येते ना खाली बसते. बाटलीत काही दिवसांत वर साय आली तर तेल जास्त झालं किंवा पॉलिमर कमी पडलं. तळाला पांढरा गाळ बसला तर पॉलिमर जास्त, आणि काही भाग नॅनोस्फिअर झालाय. रंगीत गाळ म्हणजे घटकाचे स्फटिक.

ओततानाच गुठळ्या आल्या तर बहुतेक वेळा असिटोन कमी पडलंय किंवा द्रावण थंड झालंय. वेळ वाचवायला २७ मिलीचं १० मिली असिटोन करणं ही नवख्यांची आवडती ‘सुधारणा’ असते. त्याने कण मोठे होतात आणि पॉलिमर ओतण्याच्या जागीच गोळा होतं. आकार ठीक पण पीडीआय ०.३ च्या वर असेल तर धार तुटत होती का ते पाहा. गुठळ्या फक्त रोटाव्हॅपमध्ये आल्या तर बाथ किंवा फेस: फ्लास्कच्या भिंतीवर फेस सुकतो आणि त्यातलं पॉलिमर परत पाण्यात मिसळत नाही.

ठेवणं आणि टाकणं

अंबर बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये कधीच नाही. बर्फाचे स्फटिक कवच फोडतात. पावडर हवी असेल तर ५ ते १० टक्के ट्रेहॅलोज घालून फ्रीझ ड्रायिंग करतात, पण पातळ कवचाच्या कॅप्सूलना ते सोसतंच असं नाही. पाण्यात परत मिसळून आकार मोजा. पीएच दर महिन्याला लिहा. तो खाली घसरत असेल तर एस्टरचे बंध तुटतायत, तेलाचे किंवा पॉलिमरचे.

रिसीव्हरमध्ये जमलेलं असिटोन वेगळ्या कॅनमध्ये, वर नाव आणि तारीख. क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये ते ओतायचं नाही आणि सिंकमध्ये तर मुळीच नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा कचरा आवारात ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. पुढे तो अधिकृत वाहतूकदारामार्फत तळोज्याच्या प्रकल्पाकडे जातो, आणि त्याची पावती लॅबच्या फाइलला लावून ठेवावी लागते.